‘अभ्यास झाला का?’ असं विचारणारं कुणीतरी

पुण्याच्या पेठांमध्ये एकेकाळी एक शब्द सर्रास ऐकू यायचा: ‘वार लावणं’. खेड्यातून शिकायला आलेला गरीब मुलगा, घरून पैसे येण्याची शक्यता नाही, अनेकदा आई-वडील दोन्ही गेलेले. असा मुलगा सात घरं गाठायचा. सोमवारी जोशांकडे, मंगळवारी साठ्यांकडे, असं करत आठवडा भरायचा. एखादा वार मोकळा राहिला, तर त्या दिवशी उपास किंवा झोळी घेऊन माधुकरी मागणं.

आज आपल्याला हे गोष्टीतलं वाटतं. पण नीट पाहिलं तर ही एक व्यवस्थाच होती. सरकार नाही, संस्था नाही, ट्रस्ट नाही. एका मुलाच्या शिक्षणाचा भार सात स्वयंपाकघरांनी वाटून घेतलेला. आज ज्याला आपण ‘फॉस्टर केअर’ म्हणतो, म्हणजे दत्तक न घेता परक्या मुलाला सांभाळणं, त्याची ही पुणेरी आवृत्ती म्हणता येईल.

तिच्यात दोन मोठ्या खोट होत्या. पहिली, ती जवळजवळ फक्त ब्राह्मण मुलांसाठी होती. महाराचा किंवा मांगाचा मुलगा कितीही हुशार असला, तरी त्याच्यासाठी सदाशिव पेठेत पाट मांडला जाणार नव्हता. मुलींचा तर प्रश्नच नव्हता. दुसरी खोट जरा आतली आहे. सात घरं मिळून त्या मुलाला जेवण देत, पण तो त्यांतल्या एकाही घरचा नसे. रोज नव्या पंगतीत खाली मान घालून जेवायचं, वाढणाऱ्या बाईच्या चेहऱ्याकडे बघून दुसरी पोळी मागायची की नाही ते ठरवायचं.

याच शहरात, तिथून फार लांब नाही, गंज पेठेत एका घराने अगदी वेगळा प्रयोग केला.

१८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी आपल्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं. विधवेला दिवस गेले, तर तिच्यापुढे तेव्हा दोनच वाटा असायच्या: स्वतःचा जीव द्यायचा किंवा बाळाचा घ्यायचा. फुल्यांनी तिसरी वाट काढली. गुपचूप या, बाळंत व्हा, मूल न्यायचं तर न्या, नाहीतर इथे ठेवून जा. १८८४ पर्यंत पस्तीस विधवा तिथे येऊन बाळंत झाल्या, असं खुद्द जोतीरावांनी नोंदवलं आहे.

जोतीरावांना या गोष्टीचं मोल का कळलं असावं? त्यांची आई ते तान्हे असतानाच गेली. त्यांना वाढवलं सगुणाबाई क्षीरसागर या नात्यातल्या बाईंनी, ज्या मिशनऱ्यांच्या घरी अनाथ मुलांना सांभाळायचं काम करत. म्हणजे दुसऱ्याच्या आईच्या मायेवर वाढणं काय असतं, हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं.

१८७४ मध्ये काशीबाई नावाची एक ब्राह्मण विधवा या घरात बाळंत झाली. तो मुलगा फुल्यांनी दत्तक घेतला. नाव ठेवलं यशवंत.

इथून पुढची गोष्ट आपल्याकडे घाईघाईत सांगितली जाते: ‘यशवंत पुढे डॉक्टर झाला.’ एका ओळीत संपते. पण त्या ओळीच्या आत काय काय आहे ते बघा. शहरातले निम्मे लोक ज्याच्या जन्माबद्दल कुजबुजतात, असा हा मुलगा. लग्नाचं वय झालं तेव्हा विधवेच्या मुलाला मुलगी कोण देणार, हा प्रश्न खराच होता. ज्ञानोबा कृष्णाजी ससाणे यांनी आपली मुलगी राधा दिली आणि १८८९ मध्ये सत्यशोधक पद्धतीने लग्न झालं. त्याआधीच्या वर्षी जोतीरावांना पक्षाघात झाला होता. उजवा हात निकामी झाला, घरात पैशांची ओढाताण. तरी मुलाचं शिक्षण थांबवायचं नाही, हे पक्कं होतं.

१८८७ साली जोतीरावांनी मृत्युपत्र केलं. त्यात यशवंतला वारस नेमलं. पण एक अटही घातली: हा मुलगा चांगला निघाला नाही, तर माळी, कुणबी, धनगर अशा जातींतला एखादा लायक मुलगा निवडून त्याला मालमत्ता द्यावी. पहिल्यांदा वाचताना ही अट कठोर वाटते. पोटच्या मुलाला कुणी अशी अट घातली असती का? पण मला त्यात दुसरंही काही दिसतं. त्यांनी यशवंतला दयेची वस्तू मानलं नाही. ज्याच्याकडून काही अपेक्षा करावी असा माणूस मानलं. वारावर जेवणाऱ्या मुलाकडून त्या सात घरांची अपेक्षा एवढीच असे, की त्याने उष्टं काढावं आणि जास्त मागू नये.

२८ नोव्हेंबर १८९० ला जोतीराव गेले. अंत्ययात्रेत टिटवं कोणी धरायचं यावरून भाऊबंदांनी वाद काढला, दत्तक मुलाचा हक्क त्यांना मान्य नव्हता. तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवं हातात घेतलं आणि त्या पुढे चालल्या. पुढच्याच वर्षी जोतीरावांचं ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ छापून आलं, ते यशवंतने प्रसिद्ध केलं. नंतर तो डॉक्टर झाला, लष्करात नोकरीला लागला. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग आला, तेव्हा सावित्रीबाईंच्या सांगण्यावरून तो परतला आणि ससाण्यांच्या माळावर दवाखाना सुरू झाला. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन सावित्रीबाई तिथे आल्या. तो मुलगा वाचला. सावित्रीबाईंना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या.

एका घराने एका मुलाला वाढवलं, त्याचं फळ हे. पण एका घराला असं किती मुलांसाठी करता येणार? म्हणून पुढच्या पिढीने संस्था काढल्या. धोंडो केशव कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन केली आणि काही वर्षांत आश्रम हिंगण्याच्या माळावर झोपडीत गेला. १९०९ मध्ये अनाथ विद्यार्थी गृह सुरू झालं. तिथे निवारा आणि शाळेबरोबर हाताला कामही होतं: संस्थेचा लोकसंग्रह छापखाना होता, मुलं खिळे जुळवायला शिकत. १९३२ मध्ये, पुणे कराराच्या वर्षी, कर्मवीर भाऊराव पाटलांनी पुण्यात युनियन बोर्डिंग हाउस काढलं. तिथे वेगवेगळ्या जातींची मुलं एका पंगतीत जेवत. वाराच्या पद्धतीतली पहिली खोट अशी उशिरा, पण भरायला लागली.

दुसरी खोट मात्र चिवट निघाली. ती एका शब्दात अडकली होती. हिंगण्याच्या संस्थेच्या नावातून पुढे ‘अनाथ’ गेला, आज ती महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्था आहे. अनाथ विद्यार्थी गृहाचं पुणे विद्यार्थी गृह झालं. दोन्ही संस्था मोठ्या झाल्या, पण हा शब्द दोघींनाही पाटीवर नको झाला. शाळेच्या दाखल्यावर, नोकरीच्या अर्जावर तो शब्द घेऊन फिरणं किती जड जातं, हे तिथे शिकलेल्या मुलांना वेगळं सांगावं लागलं नसेल.

गंमत बघा, तोच शब्द आता हक्क म्हणून परत आला आहे. २०१८ मध्ये महाराष्ट्र सरकारने अनाथांसाठी शिक्षणात आणि सरकारी नोकऱ्यांत एक टक्का आरक्षण ठेवलं. आणि आई-वडील नसलेल्या किंवा सांभाळू न शकणाऱ्या मुलांना संस्थेऐवजी कुटुंबात वाढता यावं म्हणून राज्याची जी बालसंगोपन योजना आहे, तिला आता क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचं नाव आहे. २०२३ मध्ये तिची रक्कम वाढवून मुलामागे दरमहा २,२५० रुपये करण्यात आली.

नाव योग्य माणसाचं आहे. रकमेचा हिशोब तुम्हीच करा: दिवसाला पंचाहत्तर रुपये. त्यात जेवण, वह्या, रिक्षा, आणि आता मोबाइलचा रिचार्जही. अठराव्या वर्षी मूल कायद्याने सज्ञान होतं. म्हणजे बारावीचा निकाल लागून पुढचं कॉलेज शोधायचं, नेमकं तेव्हा हा आधार संपतो. संस्थेत वाढलेल्यांना एकविसाव्या वर्षापर्यंत मदत देण्याची तरतूद कायद्यात आहे, पण आपल्यापैकी किती जणांचं घर एकविसाव्या वाढदिवसाला बंद झालं?

जोतीराव गेले तेव्हा यशवंत सोळाच्या आसपासचा होता. त्याचं डॉक्टर होणं अजून बाकी होतं. फुल्यांच्या घरातले पैसे तेव्हा जवळपास संपले होते. पण सावित्रीबाई होत्या. रात्री दिवा लावून बसलेल्या मुलाला ‘अभ्यास झाला का?’ असं विचारणारं कुणीतरी त्या घरात होतं, म्हणून ते शिक्षण पुरं झालं.

कधी गंज पेठेतल्या फुले वाड्यात गेलात, तर दोघांच्या आठवणींबरोबर तिथे वाढलेल्या त्या तिसऱ्यालाही आठवा. तुमच्या वर्गात, होस्टेलवर, लायब्ररीत शेजारच्या टेबलावर त्याच्यासारखं कुणी असू शकतं. दिवाळीच्या सुट्टीत सगळे घरी जातात तेव्हा ते कुठे जातं, एवढं एकदा विचारून पाहा. आणि जमलं तर म्हणा, ‘आमच्याकडे ये.’ एका वाराला नको, चार दिवसांसाठी.