झाडीतील जागल

इतिहास घडलेल्या गोष्टींचा लिहिला जातो. न घडलेल्या गोष्टींचा लिहिला जात नाही. वाघाने माणूस मारला म्हणजे त्याची नोंद सरकारी दप्तरात होते; साहेबाने वाघ मारला म्हणजे त्यावर ग्रंथ निघतो; परंतु शंभर माणसे रानात निजली आणि सकाळी शंभरच्या शंभर उठली, यावर कोणी बखर लिहिल्याचे आमच्या ऐकिवात नाही. तथापि वैनगंगेच्या दोहों तीरांवर पसरलेल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यात मनुष्यवस्ती शतकानुशतके टिकून राहिली, ती या नोंद न झालेल्या रात्रींच्या बळावरच होय. अलीकडे सुशिक्षित कुटुंबांतील तरुण मंडळींस रानात तंबू ठोकून राहण्याची व रात्री पायी भटकण्याची आवड लागली आहे. ही आवड स्तुत्य आहे. तिच्या निमित्ताने, या मुलखातील पूर्वीचे लोक रात्र कशी काढीत याचा थोडा विचार करावा, असे आम्ही योजिले आहे.

हा सारा प्रदेश पूर्वी चांदा या एकाच जिल्ह्यात मोडत असे; गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळा झाला. चांदा शहराच्या स्थापनेची कथा वाचकांस ठाऊक असेलच. गोंड राजा खांडक्या बल्लाळशहा शिकारीस निघाला असता ससा पळावयाच्या ऐवजी उलट फिरून कुत्र्याच्याच मागे लागला, आणि ज्या वाटेने ही उलटी शिकार धावली त्या वाटेवर राजाने कोट बांधविला, अशी ती दंतकथा आहे. त्या कोटास चार दरवाजे व पाच खिडक्या आहेत. रानाच्या कुशीत राहणाऱ्या लोकांनी आपल्या राजधानीच्या मुळाशी अशी कथा ठेवावी, यात आम्हांस अर्थ दिसतो. रानात कोण कोणाचा पाठलाग करील याचा भरवसा नसतो, हे ते जाणून होते.

कोट राजाने बांधावा. खेड्याने काय करावे? आणि ज्यास खेडेही नाही, त्या वाटसरूने काय करावे? या प्रश्नाचे पहिले उत्तर वंजाऱ्यांच्या तांड्याने दिले. बैलांच्या पाठीवर मीठ व धान्य लादून रानोमाळ हिंडणारे हे लोक रोज नव्या जागी मुक्काम करीत. मुक्कामास येताच पाठीवरच्या गोण्या उतरवून त्यांची एकावर एक थप्पी रचीत, म्हणजे धान्याचाच कोट तयार होई. गुरे बांधावयाची, आगट्या पेटवावयाच्या, कुत्री मोकळी सोडावयाची, आणि आळीपाळीने काहींनी जागे राहावयाचे, असा क्रम असे. तंबू ठोकून राहणे या प्रकारात आजचा हौशी प्रवासी स्वतःस नवा समजतो. परंतु या विद्येचे आचार्य आगगाडी येण्यापूर्वीच येथून येरझारा घालीत होते.

दुसरे उत्तर टपालाच्या हलकाऱ्याचे. त्यास मुक्काम करण्याची मुभा नव्हती. थैली पुढच्या चौकीवर पोचवावीच लागे. त्याच्या काठीस किंवा भाल्यास घुंगरू बांधलेले असत, आणि वाघाचा बोभाटा झालेल्या टप्प्यात मशालजी व ढोलवाले त्याच्या सोबतीस देण्याचा प्रघात हिंदुस्थानात अनेक ठिकाणी होता. घुंगरांनी वाघ भितो म्हणून ती युक्ती होती असे नव्हे. माणूस येत आहे ही वर्दी श्वापदास आधी मिळाली, तर बहुतेक श्वापदे आपण होऊन वाट सोडतात, हे तिचे मर्म आहे. अस्वलाच्या बाबतीत ही गोष्ट विशेष खरी आहे. या प्राण्याचे नाक तीक्ष्ण, पण डोळा मंद. त्यात वाळवीचे वारूळ उकरण्यात किंवा मोहाची फुले खाण्यात तो गढून गेला, म्हणजे पाच पावलांवर येईपर्यंत त्यास माणसाची चाहूल लागत नाही, आणि लागली की तो दचकून सरळ तोंडावर झडप घालतो. हेमलकसा येथे १९७३ साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाल्यानंतर डॉ. प्रकाश आमटे यांच्याकडे जे रोगी येत, त्यांत अस्वलाने चेहरा फाडलेले लोक असत, ही हकीकत आता सर्वश्रुत आहे.

तिसरे उत्तर, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचे, शेतकऱ्याचे. कार्तिकात धानाच्या बांध्या पिवळ्या पडू लागल्या की रानडुकरे व हरणे पिकावर येतात, आणि त्यांच्या मागून वाघही येतो. तेव्हा घरातील एकाने रात्री शेतावर जागत राहावयाचे. यास जागल म्हणतात. उंच खांबांवर मचाण, खाली पेटत ठेवलेला ओंडका, हाताशी बडवावयास टिनाचा डबा, आणि दर थोड्या वेळाने एक लांब आरोळी. ही आरोळी केवळ डुकरांस उद्देशून नसते. तिला पलीकडच्या मचाणावरून उत्तर येते, त्यास त्याच्याही पलीकडून, आणि अशा रीतीने सबंध शिवार 'आम्ही जागे आहो' असे एकमेकांस कळवीत राहते. एखाद्या मचाणावरून उत्तर आले नाही, तर शेजारचे टेंभे घेऊन निघतात. जागल करणारा एकटा बसलेला दिसतो, पण तो एकटा नसतो. त्याची सारी सुरक्षितता त्या आरोळीच्या साखळीत असते.

झाडीपट्टीच्या नाटकांचे मूळही आम्हांस याच रात्रीत दिसते. वडसा, म्हणजे देसाईगंज, येथील मंडळ्या दिवाळीनंतर गावोगाव जातात. दिवसा शंकरपट व्हावा आणि रात्री नाटक, असा हंगाम असतो. नाटकाचा पडदा रात्री उशिरा उघडतो तो उजाडेपर्यंत पडत नाही. नाटक एवढे लांबते, यावर शहरातील रसिक हसतात. त्यांनी एवढाच विचार करावा की, चार कोसांवरून बैलगाडीने आलेल्या बायकामुलांनी मध्यरात्री नाटक संपल्यावर जावे कोठे? रान ओलांडून परतण्याचे धाडस करावयाचे नसेल, तर रात्र एकत्र बसून काढणे हाच शहाणपणा. दंडार, खडी गंमत व पुढे नाटक यांना लोकांची आवड कारण झाली हे खरेच. पण पहाटेपर्यंत चालणाऱ्या खेळाची गरज त्या अंधारानेही निर्माण केली असावी, असे आमचे अनुमान आहे. नाटक ही एका अर्थी सबंध गावाची जागलच होय.

आता या जागलीच्या शेजारी शिकाऱ्यांचे वाङ्मय ठेवून पाहावे. कॅप्टन जेम्स फॉर्सिथ यांचा मध्य हिंदुस्थानातील डोंगराळ मुलखावरील ग्रंथ १८७१ साली निघाला. जिम कॉर्बेट यांचे कुमाऊंच्या नरभक्षकांवरील पुस्तक १९४४ साली. आमच्या पिढीने ही पुस्तके आवडीने वाचली, आणि कॉर्बेट यांच्या धैर्याविषयी व दयाळूपणाविषयी आमच्या मनात आदरच आहे. परंतु त्या वाचनाने आमची एक समजूत झाली की, रानातील रात्र म्हणजे एक बंदूक, एक वाघ आणि एक वीर. या झाडीतील लोकांचा अनुभव नेमका उलट आहे. ताडोबा हे नाव ज्याच्यावरून पडले असे सांगतात, तो तारू गावाचा प्रमुख होता; वाघाशी झुंजताना तो मेला. तलावाकाठी मोठ्या झाडाखाली त्याचे ठाणे आहे, आणि पौष महिन्यात आदिवासी तेथे जत्रेस येत आले आहेत. अन्यत्र दैत्यास मारणारा देव होतो; येथे वाघाच्या हातून मेलेला देव झाला. वाघाशी एकट्याने झुंजण्याचा शेवट काय होतो हे या समाजाने देवळाच्या रूपाने लक्षात ठेवले, आणि दुसरीकडे शिवेवर वाघदेवही मांडला. भयाची आणि आदराची अशी सांगड आम्हांस बंदुकीच्या शौर्यापेक्षा प्रौढ वाटते.

पुढे काळ पालटला. ताडोबाच्या रानात १९३५ साली शिकारबंदी झाली, १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले, १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला, आणि १९८६ साली अंधारी अभयारण्याची भर पडून पुढे व्याघ्रप्रकल्प उभा राहिला. वाघ वाढले, ही आनंदाची गोष्ट. पण ते प्रकल्पाच्या सीमेत मावेनासे झाले, हीही गोष्ट तितकीच खरी. ज्या वाघास वनखात्याने सीटी-१ असे नाव दिले होते, त्याने वडसा, ब्रह्मपुरी व भंडारा या भागांत तेरा माणसे मारल्यावर तो ऑक्टोबर २०२२ मध्ये जिवंत पकडला गेला. या मुलखात वाघाच्या तोंडी जाणारे लोक बहुधा तंबूत निजलेले प्रवासी नसतात. मोहाची फुले रात्री गळतात आणि ती पहाटेच वेचावी लागतात. तेंदूची पाने वैशाखात तोडावी लागतात. त्या वेळी वाकलेला माणूस वाघास चतुष्पादासारखा दिसतो. पोट त्यास अर्धवट उजेडात एकट्यास रानात ढकलते, आणि आमच्या सहली मात्र हौसेसाठी असतात. हा भेद विसरता कामा नये.

जागलही आता विरळ होत आहे. मुले शहरात गेली, मचाणे रिकामी पडली, आणि काही ठिकाणी त्या आरोळीची जागा कुंपणात सोडलेल्या विजेच्या प्रवाहाने घेतली आहे. या तारेने वाघ मेले आहेत, आणि माणसेही मेली आहेत. आरोळी समोरच्यास सावध करीत असे; तार कोणासही सावध करीत नाही. त्यात २०२१ च्या ऑक्टोबरात छत्तीसगडातून रानटी हत्तींचा कळप गडचिरोलीत उतरला. कमलापूरच्या हत्तीतळावर १९६२ पासून पाळीव हत्ती आहेत, पण रानटी हत्तीशी कसे वागावे याचे वळण येथील खेड्यांस नव्हते. डबे बडविणे व टेंभे घेऊन धावणे ही डुकरांवरची विद्या हत्तीस चिडविते. त्याच्या वाटेवरून मुकाट्याने दूर होणे हाच उपाय.

येथे आमचीच एक फजिती सांगणे प्राप्त आहे. सुमारे तीस वर्षांपूर्वी आम्ही काही विद्यार्थ्यांसह सिंदेवाही तालुक्यातील एका खेड्यानजीक कोरड्या नाल्याच्या मऊ रेतीत तंबू ठोकले होते. अंधार पडताच गावातील एक वृद्ध कंदील घेऊन आला. "रेतीवर निजू नका जी, गुरुजी. हे तं जनावराची सडक आहे," तो म्हणाला. आम्ही त्यास प्राणिशास्त्रातील दोन गोष्टी सांगितल्या. त्याने त्या शांतपणे ऐकून घेतल्या आणि आमच्या सामानाची वळकटी स्वतःच्या खांद्यावर टाकून गावाकडे चालू लागला. निरुपाय होऊन आम्ही मागोमाग गेलो. रात्र देवळाच्या ओसरीवर काढली. गावकऱ्यांनी आमच्यासाठी बाजा आणल्या व आळीपाळीने जागत बसले. सकाळी आम्ही मोठ्या उत्सुकतेने नाल्यावर गेलो. रेतीवर वाघाचा माग नव्हता, काहीच नव्हते. विद्यार्थी हसू लागले, आणि आम्हीही म्हाताऱ्यास म्हणालो, "बाबा, उगीच त्रास घेतलात, रात्री काहीच झाले नाही." तो म्हणाला, "काई झालं नाई, त्याच्यासाठीच तं जागल रायते जी, गुरुजी."

आमच्या सर्व शिक्षणास पुरून उरेल असे हे वाक्य आहे. बाजेचा उपकारही आम्हांस पुढे कळला. रानातील रात्री खरा धोका वाघापेक्षा मण्यारीचा अधिक. ती जमिनीवर निजलेल्यास डसते, दंश बहुधा जाणवतही नाही, आणि पहाटे पोटात कळा येऊन पापण्या जड होतात, तोवर फार उशीर झालेला असतो. आपल्या देशात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने वर्षास सरासरी ५८,००० लोक दगावले, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. तेव्हा रानात जाणाऱ्याने बाज व कडा नीट खोचलेली मच्छरदाणी यांस बंदुकीहून अधिक मान द्यावा. नाल्यात व पाणवठ्याजवळ मुक्काम करू नये. अंधारात एकट्याने व दिव्यावाचून पाऊल टाकू नये. आणि वनखात्याची परवानगी व गावातील एक माहितगार यांखेरीज रानात रात्र काढूच नये.

वैशाखातील बुद्धपौर्णिमेस पाणवठ्यांवरील मचाणांवर बसून रात्रभर श्वापदे मोजण्याचा परिपाठ आहे. शहरातील कित्येक लोक त्यासाठी नावे नोंदवितात, आणि वाघ दिसला नाही म्हणजे हिरमुसले होऊन परततात. त्यांनी हिरमुसू नये. ज्या मचाणावर ते एक रात्र हौसेने जागले, तशाच मचाणावर या झाडीतील माणूस पिढ्यान् पिढ्या गरजेने जागला, आणि सकाळी 'काही झाले नाही' एवढेच घरी सांगून कामास लागला.