एकच जंगल, दोन आकडे

हेडफोन लावलेत ना? आज एका भांडणाची गोष्ट. भांडण दोन सरकारी संस्थांचं, आणि कशावरून? तर भारतात जंगल उरलंय किती!

१९७२ मध्ये अमेरिकेने लँडसॅट उपग्रह सोडला. तोवर आपल्याकडे जंगल म्हणजे दप्तरात 'वन' लिहिलेली जमीन. तिथे झाडं आहेत की नुसतं गवत, ते दप्तर सांगायचं नाही. मग हैदराबादच्या राष्ट्रीय दूरसंवेदन संस्थेने उपग्रहाची चित्रं तपासली. १९७२-७५ मध्ये साधारण १७ टक्के, १९८०-८२ मध्ये १४. सात-आठ वर्षांत तीन टक्के देश बोडका!

तिकडे डेहराडूनला १९८१ मध्ये भारतीय वन सर्वेक्षण संस्था सुरू झाली होती. तिने १९८१-८३ ची चित्रं पाहून १९८७ च्या पहिल्या अहवालात म्हटलं, साडेएकोणीस टक्के. उपग्रह लँडसॅटच, काळही जवळपास तोच.

असं कसं? तर चित्रातला एक ठिपका म्हणजे साधारण ८० बाय ८० मीटर, दीडेक एकर. माणसं छापील चित्रावर नजरेने हद्दी आखायची, आणि नकाशावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. विरळ रान नेमकं कुठे संपतं? आणि उन्हाळ्यात पानं गळलेला साग वरून दिसतो माळासारखा. म्हणून कुणीतरी पायी जायलाच लागतं. खोडाला छातीच्या उंचीवर टेप लावायची, मान वर करून पाहायचं, सावली किती.

शेवटी दोन्ही संस्थांनी मिळून आकडे जुळवले, साडेएकोणीसच्या आसपास. मला हे 'जुळवणं' अजून खटकतं. कारण मग आधीच्या १७ चं काय? घसरण झाली किती, हे मोजायचा धागाच तुटला ना!

आज चित्रं कितीतरी स्पष्ट आहेत. २०२३ चा अहवाल २१.७६ टक्के म्हणतो. पण व्याख्या ऐका: एक हेक्टर किंवा जास्त जागा, १० टक्के झाडांची सावली, की झालं वनाच्छादन. मालक कोण, झाड कुठलं, प्रश्नच नाही. फळबागाही त्यात.

गेल्या मे महिन्यात दोडामार्गात काकांना मोबाईलवर आमच्या डोंगराचा उपग्रह-फोटो दाखवला. मस्त हिरवागार. त्यांनी चष्मा वर केला, बोटाने फोटो मोठा केला. झाडं सरळ रांगेत.

"अरे, ह्यां रान न्हय," काका म्हणाले. "ह्यां रबर."