टिचकीचा जोर कोठे जातो?

प्रारंभीच एक कबुली देऊन टाकतो. मी इतिहासाचा शिक्षक आहे. परंतु लहान शाळेत शिक्षकाला आपल्या विषयाच्या कुंपणात राहता येत नाही. एका वर्षी विज्ञानाचे शिक्षक दीर्घ रजेवर गेले आणि आठवीचे विज्ञान माझ्या गळ्यात आले. घटक चाचणीत मी एक प्रश्न घातला : 'कॅरमच्या पटावर टिचकी मारलेला स्ट्रायकर बोटापासून सुटल्यावरही पुढे का जातो, आणि शेवटी का थांबतो?' गुण ३.

एका मुलाने लिहिले होते की, टिचकीचा जोर स्ट्रायकरच्या अंगात शिरतो. तो जोर हळूहळू आपोआप संपतो. संपला की स्ट्रायकर थांबतो. पुस्तकात 'जडत्व' आणि 'घर्षण' असे शब्द होते, आणि या उत्तरात त्यांपैकी एकही नव्हता. मी तांबडी फुली मारली व शून्य दिले. पुढे ग्रंथालयात विज्ञानाच्या इतिहासावरचे एक जाडजूड पुस्तक हाती लागले, तेव्हा मला कळले की ते उत्तर त्या मुलाचे एकट्याचे नव्हते. सहाव्या शतकातील अलेक्झांड्रिया शहरच्या एका विद्वानाने जवळजवळ तेच लिहून ठेवले होते, आणि ते त्या काळी फार मोठ्या धाडसाचे मत होते.

धाडसाचे अशासाठी की, त्याला ॲरिस्टॉटलच्या विरुद्ध जावे लागले. ॲरिस्टॉटल (इ. स. पू. ३८४-३२२) म्हणे की, ढकलणारा असल्याशिवाय वस्तू चालत नाही. बैल थांबले की गाडी थांबते, तसेच हे. मग हातातून सुटलेल्या दगडाला कोण ढकलतो? त्याचे उत्तर : हवा. हाताने दगडाबरोबर हवाही ढवळली जाते व तीच दगडाला पुढे नेते. शिवाय जड वस्तू तिच्या वजनाच्या प्रमाणात जलद पडते, असेही तो मानीत असे.

अलेक्झांड्रियाचा योहान फिलोपोनस याने इ. स. ५१७ च्या सुमारास ॲरिस्टॉटलच्या ग्रंथावर भाष्य लिहिताना हे दोन्ही खोडून काढले. नुसती हवा हलवून दगड चालत असेल तर सैनिकांनी बाणाला हात लावावाच कशाला, हवेला पंखा घातला तरी पुरे, असा त्याचा रोख होता. फेकणारा वस्तूलाच काही जोर देतो आणि तो जोर पुढे संपत जातो, असे त्याने सांगितले. तसेच एक वजन दुसऱ्याच्या कितीतरी पट असले तरी एकाच उंचीवरून सोडल्यास पडण्याच्या वेळेत फरक अगदी थोडा दिसतो, हेही त्याने नमूद करून ठेवले. या थोड्याशा फरकाचे कोडे सुटण्यास पुढे ११७० वर्षे लागली.

यानंतरचा टप्पा अरबी भाषेत लिहिला गेला. बुखाऱ्याजवळ जन्मलेला इब्न सीना (९८०-१०३७) आपणा सर्वांना वैद्य म्हणून ठाऊक आहे. पण त्याच्या 'किताबुश्शिफा' या विशाल ग्रंथात गतीचाही विचार आहे. फेकलेल्या वस्तूत जे शिरते त्याला तो 'मय्ल' म्हणतो. (रस्त्यावरच्या मैलाशी याचा संबंध नाही. उर्दूत एखाद्या गोष्टीकडे 'माइल' होणे म्हणतात, म्हणजे कल असणे, त्याचेच हे मूळ.) आता त्याचे म्हणणे लक्षपूर्वक पाहा. हा मय्ल आपोआप संपत नाही, असे तो सांगतो. हवा, पाणी, असा बाहेरचा अडथळा त्याला खातो म्हणून तो कमी होतो. अडथळा मुळीच नसेल, संपूर्ण पोकळी असेल, तर फेकलेली वस्तू थांबण्यास काही कारणच उरणार नाही.

हे वाचताना मला तो उत्तराचा कागद आठवला. मुलाच्या उत्तरातील 'आपोआप' एवढा एकच शब्द काढून तेथे 'पटाच्या घासण्याने' असे घातले असते, तर तो पाचशे वर्षे पुढे येऊन इब्न सीनाच्या शेजारी बसला असता. आज तो कागद माझ्यापुढे असता तर मी एक गुण दिला असता. दोन नसते दिले. त्याचे कारण पुढे येईल.

बगदादमध्ये बाराव्या शतकात अबुल बरकात नावाचा वैद्य व तत्त्वज्ञ होऊन गेला. जन्माने तो यहुदी होता. उतारवयात त्याने इस्लाम स्वीकारला. 'किताबुल मुअतबर' हा त्याचा ग्रंथ. खाली पडणारा दगड उत्तरोत्तर जलद का होतो, हा प्रश्न त्याने घेतला. दगडाचा जडपणा त्याला सोडून जात नाही, तो पडत असतानाही सोबतच असतो, आणि क्षणोक्षणी मय्लावर मय्ल चढवीत जातो. म्हणून वेग वाढत जातो, असे त्याने उत्तर दिले. एकसारखे बल लावले की एकसारखा वेग मिळतो, हा ॲरिस्टॉटलचा पाया येथे प्रथमच हालला. एकसारख्या बलाने वेग मिळतो असे नव्हे, तर वेग वाढत राहतो. आपण आज ज्याला त्वरण म्हणतो त्याची ही चाहूल होय.

तिकडे स्पेनमध्ये इब्न बाज्जा याने (मृत्यू ११३८ किंवा ११३९) असे मत मांडले की, माध्यमाचा अडथळा वेगातून फक्त वजा होतो. माध्यम हे गतीचे कारण नव्हे. इब्न रुश्दने (११२६-११९८) आपल्या भाष्यात हे मत खोडण्यासाठी उद्धृत केले, आणि ते भाष्य लॅटिनमध्ये गेल्यामुळे खोडलेले मतच युरोपभर पोहोचले! प्रतिपक्षाचे म्हणणे प्रामाणिकपणे मांडण्याचा असाही लाभ होतो. गॅलिलिओच्या तरुणपणीच्या हस्तलिखितात याच धर्तीचा युक्तिवाद आढळतो.

येथे थोडे थांबून एक अप्रिय गोष्ट बोलली पाहिजे. आपल्या समारंभांतून कधी कधी वक्ते टाळ्यांच्या गजरात सांगतात की न्यूटनचे नियम इब्न सीनाने सहाशे वर्षे आधीच लिहून ठेवले होते. मी स्वतः त्या टाळ्यांत सामील झालेलो आहे. पण ते खरे नाही. इब्न सीनाने 'पोकळीत वस्तू थांबणार नाही' असे म्हटले ते खरे. पण त्यावरून त्याने काढलेला निष्कर्ष असा की, ज्याअर्थी न थांबणारी वस्तू कोठे दिसत नाही, त्याअर्थी पोकळीच संभवत नाही. दारापाशी आला, दार उघडले आणि पुन्हा लावून घेतले. दुसरे असे की, मय्ल हे गतीचे कारण होते. वस्तू चालते आहे म्हणजे तिच्या आत काहीतरी तिला चालवीत आहे, ही समजूत अबुल बरकातनेही सोडली नाही. चौदाव्या शतकात पॅरिसच्या ब्युरिडाननेही नाही. ब्युरिडानने एक महत्त्वाची भर मात्र घातली : हा आतला जोर वस्तूतील द्रव्य आणि तिचा वेग या दोहोंच्या प्रमाणात असतो. म्हणजे 'किती जोर' हे मोजण्याची वाट निघाली.

मोजण्याचे काम गॅलिलिओने (१५६४-१६४२) केले. सरळ पडणारी वस्तू पहिल्या सेकंदातच सुमारे ४९० सेंटिमीटर जाते. हाताशी घड्याळ नसलेल्या माणसाने ते मोजावे कसे? त्याने उतरत्या फळीत गुळगुळीत खोबण करून काशाची गोळी सोडली आणि पाण्याच्या भांड्याला बारीक नळी लावून तेवढ्या वेळात गळलेले पाणी तराजूत तोलले. वेळ तोलणारा हा माणूस! वेळ दुप्पट तर अंतर चौपट, वेळ तिप्पट तर अंतर नऊपट, हा हिशेब शंभरदा करून पाहिल्याचे त्याने १६३८ च्या ग्रंथात लिहिले आहे. उतारावर वेग वाढतो, चढावर घटतो. मग सपाटीवर तो का घटावा किंवा का वाढावा? येथे जुना प्रश्नच उलटा झाला. 'वस्तू का चालते?' असे विचारणे संपले आणि 'तिची चाल का बदलते?' असे विचारणे सुरू झाले. देकार्तने १६४४ मध्ये त्यात भर घातली की, मोकळी सोडलेली वस्तू सरळ रेषेतच जात राहील.

मुलाचे दोन गुण का कापले असते, ते आता लक्षात येईल. सरळ, एकसारख्या गतीला कसलाही जोर लागत नाही. जोर लागतो तो बदलाला. हे पाऊल अतिशय अवघड आहे, कारण आपल्या सर्वांचा रोजचा अनुभव त्याच्या विरुद्ध साक्ष देतो. न्यूटनच्या 'प्रिन्सिपिया'तही वस्तूच्या अंगभूत 'बला'ची व्याख्या आहेच! जडत्वाला त्याने तो जुना शब्द राहू दिला.

'प्रिन्सिपिया' जुलै १६८७ मध्ये प्रसिद्ध झाला. छपाईचा खर्च हॅलीने स्वतःच्या खिशातून केला. त्यातील दुसरा नियम सांगतो की, गतीतील बदल लावलेल्या बलाच्या प्रमाणात व त्याच दिशेने होतो. गती म्हणजे येथे वस्तुमान गुणिले वेग. आणि वस्तुमान म्हणजे वजन नव्हे, हे न्यूटनने प्रयोगाने वेगळे करून दाखविले. त्याने दोन सारख्या लाकडी पेट्या अकरा अकरा फुटांच्या दोऱ्यांनी टांगून त्यांचे लंबक केले. एकीत लाकूड ठेवले व दुसरीत तेवढ्याच वजनाच्या वस्तू पाळीपाळीने ठेवून पाहिल्या : सोने, चांदी, शिसे, काच, वाळू, मीठ, लाकूड, पाणी आणि गहू. होय, घरचा गहू. दोन्ही लंबक बराच काळ बरोबरीने झुलत राहिले. हजारात एका भागाचा फरक असता तरी कळला असता, असे तो म्हणतो. म्हणजे दगड दसपट जड असेल तर पृथ्वी त्याला दसपट जोराने ओढते, पण तो हलावयालाही दसपट अवघड असतो. म्हणून दोघे बरोबरच पडतात. जो थोडासा फरक दिसतो तो हवेचा. फिलोपोनसचे कोडे येथे सुटले.

मुले पाठ करतात ते 'बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण' हे सूत्र मात्र त्या स्वरूपात न्यूटनच्या पुस्तकात शोधून सापडणार नाही. त्याची मांडणी भूमितीची. कोणत्याही वस्तूला, तिच्या प्रत्येक कणाला, तिन्ही दिशांना एकच समीकरण लावावे व त्यातून सारी गती काढावी, असे स्वित्झर्लंडच्या ऑयलरने १७५० साली बर्लिनच्या अकादमीपुढे मांडले. फ्रेंच वाचकांना 'प्रिन्सिपिया' मिळाला तो एमिली द्यु शातले या विदुषीमुळे. काम पुरे करून काही दिवसांतच, १७४९ मध्ये, ती बाळंतपणानंतर वारली. अनुवादाचा संपूर्ण ग्रंथ १७५९ मध्ये निघाला. आणि आपल्याकडे लखनौच्या दरबारातील तफज्जुल हुसेन खान (मृत्यू १८०१) यांनी तोच ग्रंथ अरबीत उतरविण्याचे काम हाती घेतले. ज्या भाषेत मय्ल लिहिला गेला, तिच्यातच त्याचे उत्तर नेण्याचा हा खटाटोप!

सूत्राची परीक्षा डोळ्यांदेखत करून दाखविली केंब्रिजच्या जॉर्ज ॲटवुडने. त्याचे पुस्तक १७८४ चे. कप्पीवरून दोरी, दोन टोकांना सारखी वजने, आणि एका बाजूला चिमूटभर जास्त. ओढणारे बल फक्त त्या जास्तीच्या चिमटीचे, पण हलवायचे मात्र दोन्ही वजनांना. त्यामुळे पडणे इतके संथ होते की साध्या घड्याळाने मोजता येते.

आमच्या शाळेत ते यंत्र कोठून असणार? आम्ही वाण्याकडून दोन सारखे डबे आणले, वाळू घालून प्रत्येकी ५०० ग्रॅम भरले व विहिरीची जुनी कप्पी वर्गाच्या तुळईला टांगली. एका डब्यात २० ग्रॅम वाळू जास्त टाकली. फळ्यावर गणित असे : बल २० गुणिले ९८०, म्हणजे १९,६०० डाइन. हलवायचे वस्तुमान १,०२० ग्रॅम. भागाकार केला की त्वरण दर सेकंदाला सुमारे १९ सेंटिमीटर प्रति सेकंद. या हिशेबाने डब्याने एक मीटर उतरण्यास ३.२ सेकंद घ्यावयास हवेत.

डब्याने घेतले ४. तीनदा केले, तिन्ही वेळा तेच. वर्गात कुजबुज झाली की सर बी.ए. आहेत, विज्ञानाचे नव्हेत.

तेव्हा कॅरमवाला तो मुलगा उठला आणि म्हणाला, "सर, उलटे गणित करू या." चार सेकंदांत एक मीटर म्हणजे त्वरण साडेबारा. १,०२० ला साडेबाराने गुणले तर १२,७५० डाइन. म्हणजे १९,६०० पैकी ६,८५० डाइन वाटेत कोणीतरी खाल्ले. सुमारे ७ ग्रॅम वाळूच्या वजनाइतके. काही बल कप्पीचे चाक फिरविण्यास लागले असणार आणि बाकीचे आसाच्या घासण्यात गेले असणार. ॲटवुडने म्हणूनच आपल्या कप्पीचा आस दुसऱ्या लहान चाकांवर ठेवला होता, हे मी सांगू लागलो. पण ऐकायला तो जागेवर होता कोठे? तो शिपायाकडे शिलाई मशीनचे तेल मागायला गेला होता. तेल घातल्यावर डबा साडेतीन सेकंदांत खाली आला.