लीथच्या माळावरील चांदीची काठी

चार स्नेही ठरल्या दिवशीं ठरल्या माळावर जमून खेळूं लागले म्हणजे त्यांना लेखी नियमांची गरज भासत नाहीं. खेळाची रीत सर्वांच्या अंगवळणीं पडलेली असते, आणि एखादे वेळीं तंटा उद्भवलाच तर त्यांच्यांत जो वडील असेल त्याचा शब्द प्रमाण मानून खेळ पुढें चालूं होतो. विटीदांडूचा डाव गांवोगांव निराळ्या रीतीनें खेळला जातो आणि तरीही कोणाचें कांहीं अडत नाहीं, याचें कारण हेंच. परंतु खेळावर बक्षीस लागलें, आणि परगांवच्या अनोळखी माणसालाही त्यांत उतरण्याची मुभा मिळाली, कीं नुसती वहिवाट पुरत नाहीं. गोल्फ या खेळाचे आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने लेखी नियम अशाच प्रसंगांतून जन्मास आले. ते कोणा राजानें किंवा पार्लमेंटानें केले नाहींत. आपापला धंदा संभाळून खेळावयास आणि खेळानंतर एकत्र जेवावयास जमणाऱ्या, एडिंबरो शहरांतील कांहीं गृहस्थांच्या मंडळीनें ते केले.

गोल्फ हा स्कॉटलंडचा फार जुना खेळ. इ. स. १४५७ मध्यें राजा दुसरा जेम्स याच्या पार्लमेंटानें फुटबॉल व गोल्फ या दोन्ही खेळांस बंदी केली. कारण लोक त्यांच्या नादीं लागून धनुर्विद्येचा सराव टाकूं लागले होते, आणि इंग्लंडशीं युद्धाचा प्रसंग तर नेहमींच जवळ उभा असे. पुढें १४७१ आणि १४९१ सालीं हीच बंदी पुन्हां जाहीर करावी लागली. एकच हुकूम तीनदां काढावा लागला, यावरून तो कितपत पाळला जात होता हें उघड आहे. १५०२ सालीं तर खुद्द राजा चौथा जेम्स यानेंच पर्थ येथील एका धनुष्यें करणाऱ्या कारागिराकडून गोल्फच्या काठ्या विकत घेतल्याची नोंद सरकारी हिशेबांत सांपडते. धनुष्यें घडविणाऱ्या हातांनींच शेवटीं खेळाच्या काठ्या घडविल्या!

एडिंबरोचें बंदर म्हणजे लीथ. त्या बंदराजवळ समुद्रकांठीं वाळूमिश्रित जमिनीचा, आंखूड गवताचा एक विस्तीर्ण माळ होता. त्यावर पांच खळगे केलेले असत. एका खळग्यापासून दुसऱ्याचें अंतर ४१४ यार्डांपासून ४९५ यार्डांपर्यंत. खेळाडूनें काठीनें चेंडू टोलवीत टोलवीत एका खळग्यापासून दुसऱ्यापर्यंत न्यावयाचा आणि प्रतिपक्ष्यापेक्षां कमी टोल्यांत तो आंत घालावयाचा, हें या खेळाचें सार. चेंडू त्या काळीं कातड्याचा असे. उकडून मऊ केलेलीं पिसें कातड्याच्या लहानशा पिशवींत ठासून भरावयाचीं आणि ती शिवून टाकावयाची, असें तें मेहनतीचें काम होतें. त्यामुळें चेंडू महाग पडे, पाण्यांत भिजला कीं जड होई, आणि हरवला म्हणजे खेळाडूच्या खिशाला चटका बसे. माळ तरी केवळ खेळाडूंचा कोठें होता? तेथून माणसें जात, घोडे जात, कुत्रीं हिंडत. शाळेंतील विद्यार्थ्यांनीं आपले निराळे खळगे केलेले असत आणि शिपायांच्या कवाइतीच्या वेळचे चर तसेच राहिलेले असत. सर्वांच्या मालकीच्या जागेंत कांहीं लोकांनीं खेळावयाचें, ही त्या खेळाची मूळ परिस्थिति होती. आणि पुढें झालेले नियम समजण्यास ती ध्यानांत ठेवणें अवश्य आहे.

या माळावर खेळणाऱ्या मंडळींत सरदार होते, वकील होते, व्यापारी होते, वैद्य होते. टॉमस मॅथिसन नांवाच्या एका कवीनें १७४३ सालीं ‘द गॉफ’ हें विनोदी वीरकाव्य छापून प्रसिद्ध केलें, त्यांत त्यांच्यापैकीं कित्येकांचीं नांवें आलीं आहेत. दुसऱ्याच वर्षीं या मंडळीच्या विनंतीवरून एडिंबरोच्या नगरसभेनें एक चांदीची काठी बक्षीस म्हणून देऊं केली. ती खेळावयाची नव्हे, मिरवावयाची काठी. दर वर्षीं सामना व्हावा, प्रवेशाची फी पांच शिलिंग असावी, ग्रेट ब्रिटन आणि आयर्लंड यांतील कोणाही खेळाडूस त्यांत भाग घेतां यावा, आणि जो जिंकेल त्यानें वर्षभर ‘गोल्फचा कप्तान’ म्हणून खेळांतील तंट्यांचा निवाडा करावा, अशा अटी ठरल्या. जिंकणारानें आपली आठवण म्हणून सोन्याचा किंवा चांदीचा एक चेंडू त्या काठीस अडकवावयाचा असे. २ एप्रिल १७४४ रोजीं पहिला सामना झाला. आमंत्रण साऱ्या राज्याला होतें. पण नांवें आलीं बाराजणांचीं आणि प्रत्यक्ष खेळले दहाजण, तेही बहुधा एकमेकांचे नित्याचे सोबती! काठी जिंकली ती जॉन रॅट्रे नांवाच्या शस्त्रवैद्यानें.

या सामन्यासाठीं जे नियम लिहिले गेले ते अवघे तेरा. मंडळीच्या जुन्या वहींत ते लिहिलेले असून त्यांखालीं कप्तान या नात्यानें रॅट्रेची सही आहे. ती वही स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयांत आहे. नियमांची भाषा कायदेपंडितांची नाहीं. माळावर प्रत्यक्ष घडणाऱ्या गोष्टी पाहून ते केलेले आहेत. चेंडू पाण्यांत अथवा चिखलांत गेला तर बाहेर काढून मागें ठेवावा, पण त्याबद्दल प्रतिपक्ष्यास एक टोला द्यावा. चेंडू हरवला तर जेथून तो मारला तेथें परत जावें आणि तेथेंही एक टोला द्यावा. माणूस, घोडा, कुत्रा किंवा आणखी कशानेंही चेंडू अडला तर जेथें तो पडला असेल तेथूनच खेळावें. तक्रार करूं नये. ज्याचा चेंडू खळग्यापासून सर्वांत दूर असेल त्यानें आधीं खेळावें. विद्यार्थ्यांचे खळगे किंवा शिपायांचे चर यांत चेंडू गेला तर मात्र दोष नाहीं, तो उचलून बाहेर घ्यावा. सातव्या नियमांत असें सांगितलें आहे कीं, खळग्याजवळ आल्यावर सरळपणें खळग्याकडेच खेळावें. प्रतिपक्ष्याचा चेंडू आपल्या वाटेंत नसेल तर त्यावर नेम धरूं नये.

या तेरा नियमांत पंच कोठेंच नाहीं. सामना मैलभर पसरलेला. कोणाचा चेंडू झुडपांत कसा पडला होता हें पाहावयास दुसरें कोणी नाहीं. तेव्हां आपला टोला आपणच मोजावयाचा आणि आपली चूक आपणच सांगावयाची, हें गृहीत धरूनच नियम लिहिले गेले. प्रतिपक्षी हा शब्द त्यांत वारंवार येतो. पण प्रत्येक वेळीं त्याचें कांहीं तरी देणें द्यावयाचें असतें म्हणून येतो.

हा सरळपणा माळापुरताच होता कीं काय, याची परीक्षा लवकरच झाली. १७४५ च्या वसंतांत रॅट्रेनें दुसऱ्यांदा काठी जिंकली. त्याच वर्षीं पदच्युत स्टुअर्ट घराण्याचा राजपुत्र चार्ल्स एडवर्ड हा स्कॉटलंडांत उतरला आणि त्यानें बंड पुकारलें. २१ सप्टेंबरला एडिंबरोच्या पूर्वेस प्रेस्टनपॅन्स येथें त्यानें सरकारी सैन्याचा पराभव केला. जखमींवर उपचार करण्यास शस्त्रवैद्य हवे होते. रॅट्रे गेला, आणि पुढें राजपुत्राच्या फौजेबरोबरच राहिला. त्याचा बाप स्टुअर्ट पक्षाकडे ओढा असलेल्या एपिस्कोपल पंथाचा बिशप होता, तेव्हां मुलाचें मन कोणत्या बाजूस होतें तें समजण्याजोगें आहे. १६ एप्रिल १७४६ रोजीं कलोडनच्या माळावर त्या फौजेचा पुरता नाश झाला आणि रॅट्रे सरकारच्या कैदेंत पडला.

त्या कैदेचा अर्थ भयंकर होता. बंडांतील कैद्यांची संख्या तीन हजारांवर गेली. त्यांपैकीं सुमारें १२० जणांस देहान्ताची शिक्षा झाली, आणि नऊशेंहून अधिक लोकांना समुद्रापार वसाहतींत धाडून देण्यांत आलें. सरकारी सेनापति ड्यूक ऑफ कंबरलंड हा दयेबद्दल प्रसिद्ध नव्हता. अशा वेळीं रॅट्रेसाठीं रदबदली करावयास उभा राहिला तो डंकन फोर्ब्स. हा स्कॉटलंडच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाचा अध्यक्ष. राजकारणांत रॅट्रेचा उघड प्रतिपक्षी. बंडाच्या काळांत उत्तरेकडील कित्येक जमातींना त्यानें आपल्या वजनानें राजपुत्राकडे जाऊं दिलें नव्हतें आणि सरकारसाठीं पदरचा पैसा खर्चून फौज उभी केली होती. ज्या कलोडनवर लढाई झाली तें त्याचेंच गांव. लढाईपूर्वीं राजपुत्र उतरला होता तो त्याच्याच वाड्यांत. परंतु हाच फोर्ब्स लीथच्या माळावरचा जुना खेळाडूही होता. मॅथिसनच्या काव्यांत रॅट्रेप्रमाणें त्याचेंही नांव आहे. १७२८ सालीं मुलावर मोठ्या कष्टानें डाव जिंकल्याची नोंद करतांना, हा पोरगा इतर गोष्टींत इतका हुशार असता तर त्याच्याबद्दल कांहीं आशा धरतां आली असती, असा लटका राग त्यानें व्यक्त केला आहे.

फोर्ब्सच्या शब्दामुळें रॅट्रे सुटला. कंबरलंडच्या आज्ञेनें त्याला पुन्हां पकडून लंडनला नेण्यांत आलें. आणि अखेर १७४७ च्या आरंभीं त्याची मुक्तता झाली. फोर्ब्स त्याच वर्षाच्या अखेरीस वारला. पराभूतांना दया दाखवावी, असें तो सरकारला सांगत राहिला, पण तें फारसें कोणी ऐकलें नाहीं आणि बंडाच्या वेळीं त्याचा खर्च झालेला पैसाही त्यास परत मिळाला नाहीं. १७५१ सालीं लीथच्या माळावर चांदीच्या काठीचा सामना झाला तेव्हां ती तिसऱ्यांदा रॅट्रेनें जिंकली.

या हकीकतीला दुसरीही बाजू आहे. डोंगरी मुलखांतील जे गरीब शिपाई कैद झाले त्यांच्यासाठीं रदबदली करणारा असा खेळांतला स्नेही नव्हता. माळ सर्वांचा असला तरी मंडळी मात्र प्रतिष्ठितांचीच होती. पंक्तीस बसणारे तेवढेच एकमेकांचे राखणदार होतात, हा दोष अशा सर्व मंडळ्यांत असतो, आणि लीथची मंडळी त्यास अपवाद नव्हती.

पुढें या मंडळीच्या बैठकी चांगल्याच रंगूं लागल्या. प्रथम ‘लकी क्लेफन’ नांवाच्या बाईच्या खानावळींत जेवणें होत. १७६८ सालीं मंडळीनें लीथ येथें स्वतःचें ‘गोल्फ हाउस’ बांधण्यास घेतलें. पैजांची एक स्वतंत्र वही ठेवलेली असे आणि हरणाराकडून बहुधा क्लॅरेट मद्य वसूल होई. मध्यंतरीं, १४ मे १७५४ रोजीं, सेंट अँड्र्यूज येथील बावीस सरदार-गृहस्थांनीं लीथचें उदाहरण पुढें ठेवून आपलीही एक चांदीची काठी केली आणि लीथचेच नियम जवळजवळ जसेच्या तसे उचलले. १७६४ सालीं त्यांनीं आपल्या मैदानांत फेरफार करून एका फेरीचे अठरा खळगे ठरविले. आज जगभर तीच संख्या रूढ आहे. लीथचा माळ मात्र वाढत्या वस्तीनें गजबजून गेला. मंडळी कर्जांत बुडाली, गोल्फ हाउस विकावें लागलें, आणि १८३६ सालीं खेळ मसलबरो येथें हलविण्यांत आला. तेथून १८९१ सालीं म्यूरफील्ड येथें. तीच ही ‘ऑनरेबल कंपनी ऑफ एडिंबरो गोल्फर्स’. तिनें स्त्रियांना सभासद करून घेण्याचा ठराव मंजूर केला तो २०१७ सालीं!

खेळाचें हें वेड स्कॉच व्यापारी व लष्करी अधिकारी यांच्याबरोबर हिंदुस्थानांतही आलें. १८२९ सालीं कलकत्त्यास गोल्फ क्लब निघाला. ब्रिटिश बेटांबाहेरील हा सर्वांत जुना क्लब होय. १८४२ सालीं मुंबईंत तशीच मंडळी स्थापन झाली, आणि १८४५ सालीं तिनें सेंट अँड्र्यूजच्या क्लबास रुप्याचें एक पदक नजर केलें. वसंत ऋतूंतील सामन्यांत दुसरा येणाऱ्यास तें मिळे. मुंबईचें नांव धारण करणारें पदक पहिल्यासाठीं नसून दुसऱ्यासाठीं होतें, ही गोष्ट मोठी गमतीची आहे. आणि मित्रमंडळींच्या सामन्याला ती शोभण्यासारखीही आहे.

आज लीथचा माळ हें सार्वजनिक उद्यान आहे. तेथें २०१९ सालीं रॅट्रेचा पुतळा उभारण्यांत आला. तेरा नियमांचें आतां मोठें पुस्तक झालें आहे. परंतु इतक्या विस्तारानंतरही बहुतेक सामन्यांत खेळाडू आपले टोले आपणच मोजतो, आणि त्याच्याबरोबर चालणारा प्रतिपक्षी त्यावर विश्वास ठेवतो. लीथच्या त्या दहाजणांनीं काठी जिंकण्यासाठीं जे नियम लिहिले, त्यांतून जगाला मिळालें तें हेंच. खेळांतला प्रतिपक्षी हा शत्रु नव्हे, ही समजूत एकदां मनांत मुरली म्हणजे ती माळावरून घरीं परततांनाही माणसाबरोबर जाऊं शकते, याची साक्ष म्हणून फोर्ब्सनें रॅट्रेसाठीं टाकलेला शब्द पुरेसा आहे.