विहाराची पायरी आणि मूठभर दान

आपल्या विहाराचा वर्धापनदिन साजरा होत आहे, ही सर्वांच्या आनंदाची गोष्ट. विहार कसा उभा राहिला, कोणी किती वर्गणी दिली, हे इतर मंडळी लिहितीलच. आम्ही लिहिणार आहोत विहाराच्या पायरीवर झोपणाऱ्या माणसांबद्दल. त्यांनाही इतिहास आहे, आणि तो आपल्यापासून वेगळा नाही.

विहार म्हणजे मुळात राहण्याची जागा. श्रावस्तीच्या सुदत्ताने सोन्याची नाणी अंथरून जेतवनाची जमीन घेतली, ही कथा आपल्या पोरांनाही ठाऊक आहे. पण जग त्याला ओळखतं अनाथपिंडिक म्हणून, म्हणजे निराधारांना घास देणारा. त्याचं नाव सोन्यावरून पडलं नाही, घासावरून पडलं. आपल्या मुंबईतलीच कान्हेरी लेणी बघा. तिथे कल्याणच्या एका सोनाराने पाण्याची पोढी, म्हणजे टाके, खोदून दिले. कल्याणच्याच एका लोहाराने वाट करून दिली. ही सुमारे १८०० वर्षांपूर्वीची हातावर काम करणारी माणसं. ज्याला जे जमलं ते त्याने दिलं, आणि त्याची नोंद दगडावर राहिली.

आता दुसरी आठवण. १९१७ साली परमपूज्य बाबासाहेब परदेशात शिकून बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. जातीमुळे कोणी जागा देईना. पारशी लोकांच्या धर्मशाळेत उतरले, तर काठ्या घेऊन आलेल्या जमावाने तिथूनही बाहेर काढले. एवढा विद्वान माणूस मुंबईच्या रात्रीच्या गाडीची वाट बघत कामाठी बागेत बसून राहिला. ज्या समाजाच्या बापाला निवारा नाकारला गेला, त्या समाजाने रस्त्यावरच्या माणसाकडे नाक मुरडून बघावं काय?

आणि आपण गिरणगावकर तरी कोण होतो? गावाकडून आलेल्या माणसाला कुठला आला ब्लॉक? एका गाळ्यात वीस-पंचवीस माणसं राहत. एक पाळीवर गेला की त्याच्या जागी दुसऱ्याची वळकटी पसरायची. उन्हाळ्यात जिन्यात, गॅलरीत, नाहीतर फुटपाथवर झोपायचं. खाणावळवाल्या मावशीने उधारीवर ताट वाढलं म्हणून कित्येक जण तगले. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि किती घरं मोडली, हे आपल्याला सांगायला नको. फुटपाथ आणि आपली खोली यांच्यात फार तर दोन-चार पगारांचं अंतर असतं.

त्याच्या आदल्याच वर्षी, जुलै १९८१ मध्ये, भर पावसात सरकारने फुटपाथवरच्या लोकांना उचलून मुंबईबाहेर पाठवायचं ठरवलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १० जुलै १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या घटनापीठाने सांगितलं की, घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्कही येतो. मात्र फुटपाथवर राहण्याचा हक्क मान्य झाला नाही. रीतसर नोटीस देऊन हटवता येईल, असंही त्यात होतं. १९८६ मध्ये भायखळ्याच्या फुटपाथवरच्या बायकांनी 'महिला मिलन' उभी केली. थोडी-थोडी बचत करत त्या हक्काच्या घरासाठी झगडल्या. पुढे न्यायालयाने मोठ्या शहरांत दर लाख वस्तीमागे एक निवारा हवा, असं सांगितलं. २०११ च्या जनगणनेत मुंबईची वस्ती सव्वा कोटीच्या जवळ होती. म्हणजे सव्वाशे निवारे व्हायला हवे होते. ते झाले नाहीत.

आता आमची चूक सांगतो. २००५ च्या महापुरानंतर दोन कुटुंबं विहाराच्या पायरीवर येऊन राहिली. घाण होते, पावित्र्य राहत नाही, अशी तक्रार झाली. मीटिंगमध्ये लोखंडी जाळी बसवायचं ठरलं. आम्हीही हात वर केला होता. एका रात्री दुसऱ्या पाळीवरून परतताना बघतो तर त्यातली म्हातारी जाळीबाहेर नातवाला पोटाशी धरून भिजत बसलेली. ब्लँकेट आणून देऊ का, विचारलं. म्हणाली, "ब्लँकेट नको दादा, भिजलं की जड होतंय. ताडपत्री द्या. आन् सकाळचं तुमच्या नळावर पाणी भरू द्या."

त्या दिवशी कळलं, देण्याआधी विचारावं लागतं. पुढच्या मीटिंगमध्ये भांडण झालं, पण नळ सकाळी दोन तास खुला झाला. रविवारच्या वंदनेला येताना माता-भगिनी मूठभर तांदूळ-डाळ डब्यात टाकू लागल्या. पोराला शाळेत घालायला आम्ही सोबत गेलो. एके सकाळी गाडी आली आणि ताडपत्रीसकट सगळं सामान उचलून नेलं. खेटे घालून फक्त पोराचं दप्तर परत मिळालं. आम्ही पुन्हा ताडपत्री घेतली.

मूठभर तांदळाने कोणाला घर मिळत नाही, हे आम्ही जाणतो. घर हा हक्क आहे, तो सरकारकडे मागायचाच. पण हक्क मिळेपर्यंत माणूस जगला पाहिजे, त्यासाठी दान. दहा पारमितांत दान पहिलं आहे, ते उगीच नव्हे.

जाळी अजून आहे. जोराच्या पावसात तिचं कुलूप काढतात, एवढंच. या वर्धापनदिनी एक विनंती: मंडपाचा खर्च थोडा कमी करा आणि पावसाळ्याआधी दहा ताडपत्र्या घ्या. आणि ते कुलूप कायमचंच काढता येईल का, याचा विचार करा.

जय भीम! नमो बुद्धाय!