हजेरीपट आणि ताळेबंद : सोलापूरच्या गिरण्यांतील माहिती-व्यवस्थापन

व्यवसायसंस्थांतील माहिती-तंत्रज्ञानाच्या व्यवस्थापनाचा विषय निघाला की अभ्यासकाची दृष्टी साहजिकच संगणकाकडे वळते. मुंबईत एस्सो या तेलकंपनीने १९६१ साली आय. बी. एम. १४०१ हे यंत्र बसविले, पुढे आयुर्विमा महामंडळातील अशाच यंत्रांवरून कर्मचाऱ्यांचे मोठे आंदोलन उभे राहिले, आणि प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील स्वयंचलन समितीने १९७२ साली त्या वादाचा परामर्श घेतला. हा क्रम परिचित आहे. परंतु त्या वादाच्या मुळाशी जे प्रश्न होते ते यंत्राहून पुष्कळ जुने होत. संस्थेस हवी असलेली माहिती वस्तुत: कोणापाशी असते, ती कोणत्या साधनाने कचेरीत येते, आणि आल्यावर तिच्यावर हक्क कोणाचा, हे ते प्रश्न. हजेरीपट, तिकीट, खतावणी हीदेखील माहितीची साधनेच आहेत. त्या साधनांचा इतिहास तपासावयाचा तर सोलापूरइतके सोयीचे नगर महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

लोहमार्ग सोलापुरास १८६० साली पोहोचला. मुंबईचे उद्योगपती मोरारजी गोकुळदास यांनी स्थापलेली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी १८७७ साली सुरू झाली. सोलापूरकर तिला पुढे 'जुनी गिरणी' म्हणू लागले. तत्पूर्वीही या नगरात हातमागाचा धंदा होताच. हातमागाचा कारखानदार आपल्या प्रत्येक विणकरास नावाने, घराने आणि कर्जाने ओळखीत असे. त्याच्या रोजकीर्दीत पैसा उतरे, सूत उतरे. माणसांची वेगळी नोंद ठेवण्याचे त्यास कारण नव्हते, कारण माणसे त्याच्या डोळ्यांसमोर बसलेली असत. गिरणीत हे शक्य नव्हते. शेकडो माणसे, अनेक खाती, कळेवर चालणारी पाळी, आणि या सर्वांवर मॅनेजिंग एजंटांची मुंबईतील पेढी. कापसाच्या गाठी किती आल्या, सूत किती निघाले, कापड किती विकले, याचा हिशेब ठेवण्याचे शास्त्र व्यापारी पेढ्यांना पूर्वीपासून अवगत होते. साचेखात्यात आज प्रत्यक्ष कोण उभा आहे, तो कोठून आला आणि उद्या येईल काय, हे सांगणारे शास्त्र मात्र त्यांच्यापाशी नव्हते.

ती उणीव जॉबरने भरून काढली. तो मूळचा कामगारांपैकीच. यंत्र दुरुस्त करणारा, माणसे आणणारा, कामावर लावणारा आणि काढणारा. गावाकडे गेलेल्या माणसाच्या जागी कोणाला उभे करावे, कोणता विणकर दोन मागांवर भरवशाचा, कोणाच्या घरी लग्न आहे म्हणून तो पंधरा दिवस फिरकणार नाही, हे सारे त्याच्या डोक्यात असे. तेथून ते कागदावर उतरत नसे, आणि उतरू न देण्यातच त्याचे हित होते. नोकरी लावण्याबद्दल तो जी दस्तुरी घेई ती एका अर्थाने या माहितीचीच किंमत होय. जॉबरचे वर्णन केवळ लुटारू म्हणून करण्याची प्रथा पडली आहे. त्याने कामगारांस नाडले, यात शंका नाही. तथापि कंपनीस ही व्यवस्था वर्षानुवर्षे का चालली, याचे उत्तर त्या वर्णनात मिळत नाही. उत्तर सरळ आहे: माणसांविषयीची माहिती मिळविण्याचा आणि जपण्याचा खर्च कंपनीने जॉबरवर आणि जॉबरने कामगारावर ढकलला होता.

कचेरीत जे कागद निर्माण झाले ते बव्हंशी कायद्याच्या रेट्याने. १८८१ च्या फॅक्टरी कायद्याने सात वर्षांखालील मुलांस कामावर लावण्यास बंदी केली आणि बारा वर्षांखालील मुलांच्या कामाचे तास नऊवर आणले. १८९१ च्या कायद्याने या वयोमर्यादा अनुक्रमे नऊ व चौदा केल्या. त्यामुळे कामगाराचे वय ही प्रथमच गिरणीच्या दृष्टीने महत्त्वाची बाब ठरली. पण जन्मनोंदीच्या अभावी ते वय अंदाजानेच ठरणार! नोंदवही व्यवस्थित आणि तीतील आकडा मात्र अदमासाचा, हा विरोध पुढील काळातही वारंवार भेटतो. हजेरीपटाचेही तसेच. किती माणसे कामावर आली हे तो बिनचूक सांगे. ती माणसे कोण, हे त्यावरून कळेलच असे नाही. शाही मजूर आयोगाने, म्हणजेच व्हिटले आयोगाने, १९३१ च्या अहवालात कामगार नेमण्याचा व काढण्याचा अधिकार जॉबरकडून काढून स्वतंत्र मजूर-अधिकाऱ्याकडे द्यावा अशी शिफारस केली. ही शिफारस वरवर पाहता शिस्तीची दिसते. वस्तुत: तीत एक कबुली दडलेली आहे: भारतात कारखाने निघून अर्धे शतक उलटल्यावरही आपल्या माणसांची ओळख व्यवस्थापनापाशी नव्हती.

याला सोलापुरात एक अपवाद होता, आणि तो सुखद नाही. 'गुन्हेगार जमाती' असा शिक्का मारलेल्या समाजांतील कुटुंबांसाठी येथे कुंपणबंद वसाहत उभारण्यात आली होती. 'सेटलमेंट' हा शब्द सोलापूरच्या बोलीत अद्याप रुळलेला आहे. १९११ च्या कायद्याने या समाजांच्या नोंदणीस, बोटांच्या ठशांस आणि ठराविक हजेरीस अधिकृत बळ दिले. वसाहतीतील पुष्कळ स्त्रीपुरुष गिरण्यांत कामाला जात. त्यांचे नाव, कुटुंब, जाणे-येणे यांची नोंद शासनापाशी होती; गिरणीतील इतर कोणत्याही कामगाराविषयी इतकी तपशीलवार नोंद क्वचितच असेल. म्हणजे ज्या एका वर्गाविषयी माहिती पूर्ण होती, त्या वर्गास ती माहिती नाकारण्याचा वा दुरुस्त करण्याचा काहीही अधिकार नव्हता. हा कायदा मुंबई राज्यात १९४९ साली आणि देशभर ३१ ऑगस्ट १९५२ पासून रद्द झाला. माहितीची पूर्णता हा व्यवस्थापनाचा निरपेक्ष गुण मानणाऱ्यांनी हे उदाहरण दृष्टीआड करू नये.

याच सुमारास अगदी निराळ्या स्वरूपाची माहिती निर्माण होत होती. मुंबई सरकारचे मजूर कार्यालय १९२१ साली स्थापन झाले. त्याने १९२५ मध्ये सोलापुरातील गिरणी-कामगारांच्या कौटुंबिक खर्चाची पाहणी केली, आणि फेब्रुवारी १९२७ ते जानेवारी १९२८ हा काळ पायाभूत धरून सोलापूरचा स्वतंत्र राहणीमान-खर्चाचा निर्देशांक तयार होऊ लागला. ज्वारीचा भाव, खोलीचे भाडे, धोतराची किंमत यांतून निघालेला हा आकडा कंपनीच्या कोणत्याही वहीत नव्हता. तो प्रसिद्ध होत असे, मालकास आणि संघटनेस एकाच वेळी उपलब्ध असे. पुढे महागाई-भत्ता निर्देशांकाशी जोडला गेला, तेव्हा या फरकाचे महत्त्व कळून आले. जॉबरची माहिती विकाऊ होती, वसाहतीची माहिती बंदिस्त होती. निर्देशांक हा मात्र वादी आणि प्रतिवादी दोघांनीही आधारास घ्यावा असा आकडा होता. त्याच्या रचनेवर आक्षेप घेता येई, हेच त्याचे बळ होय.

बदली कामगारांचा प्रश्न तेवढा शिल्लक राहिला. रोज सकाळी दाराशी उभे राहायचे, कायम कामगार आला नाही तर त्याची जागा घ्यायची, आला तर घरी परतायचे, अशी ही माणसे. त्यांची निवड जॉबरच्या बोटावर अवलंबून असे. मुंबईतील गिरणीमालक संघाने १९३५ साली बदली-पत्रांची पद्धत सुरू केली, ती या निवडीस कागदाची शिस्त लावण्यासाठी. पुढे १९४९-५० मध्ये मुंबई राज्य सरकारने अहमदाबाद, मुंबई आणि सोलापूर या तिन्ही वस्त्रकेंद्रांत बदली कामगारांची नोंदणी करण्याची योजना हाती घेतली. कामगाराचे नाव, खाते व अनुभव सरकारी नोंदवहीत यावयाचे, त्यास ओळखपत्र मिळावयाचे, आणि गिरणीने आपली मागणी त्या यादीतून भागवावयाची, असा तिचा हेतू होता. जॉबरच्या स्मरणशक्तीचे काम एका पत्रकावर सोपविण्याचा हा सर्वांत स्पष्ट प्रयत्न म्हणावा लागेल.

परंतु त्याच वर्षी सोलापुरात जे घडले, त्याने हजेरीपटाच्या पलीकडील पोकळी उघडी पडली. जुन्या गिरणीच्या संचालकांनी २७ जुलै १९४९ रोजी नोटीस दिली आणि २७ ऑगस्टला गिरणी बंद झाली. सरकारने ऑक्टोबरात नियंत्रक नेमला. त्याने अग्रहक्क-भागांवरील न भरलेली रक्कम, दर भागास ५० रुपये, मागवावी असे संचालकांस सांगितले. ते कंपनीच्या हिताचे नाही म्हणून संचालकांनी नकार दिला. ९ जानेवारी १९५० रोजी वटहुकूम निघाला. कारभारातील गैरव्यवस्थेमुळे अत्यावश्यक मालाचे उत्पादन घटले आणि मोठी बेकारी ओढवली, असे त्याच्या प्रास्ताविकात म्हटले होते. सरकारने नेमलेल्या संचालकांनी कारभार हाती घेतला, आणि पूर्वीच्या संचालकांनी नाकारलेला तोच ठराव केला. वटहुकुमाची जागा पुढे त्याच वर्षी कायद्याने घेतली.

चिरंजीतलाल चौधरी या भागधारकाने या कायद्यास सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. ४ डिसेंबर १९५० च्या निकालात तीन न्यायमूर्ती एका बाजूस आणि दोन दुसऱ्या बाजूस होते. निकाल घटनेच्या समानतेच्या कलमाविषयीचा. पण इतिहासाच्या अभ्यासकास त्यातील पुराव्याचा प्रश्न अधिक उद्बोधक वाटावा. एकाच कंपनीसाठी कायदा करण्याइतकी तिची स्थिती इतरांहून वेगळी होती काय? बहुमताने म्हटले, कायदेमंडळाने ती स्थिती जाणूनच कायदा केला असे गृहीत धरावे. ते खोडून काढण्याजोगी सामग्री अर्जदाराने पुढे ठेवलेली नाही. न्या. पतंजली शास्त्री आणि न्या. दास यांस हे मान्य झाले नाही. गैरव्यवस्था आणि बेकारी ही लक्षणे अन्य कंपन्यांतही असू शकतील, मग हीच का निवडली, असा त्यांच्या भिन्नमताचा आशय होता. इतर गिरण्यांचा कारभार कसा चालतो याची माहिती एका भागधारकाने आणावयाची तरी कोठून? ती त्या त्या मॅनेजिंग एजंटांच्या कपाटात होती. १८ डिसेंबर १९५३ रोजी द्वारकादास श्रीनिवास यांच्या खटल्यात याच न्यायालयाने तो वटहुकूम मालमत्तेच्या हक्काचा भंग करणारा म्हणून अवैध ठरविला.

या दोन निकालांच्या दरम्यान संसदेने उद्योग (विकास व नियमन) कायदा, १९५१ संमत केला. त्यातील १५ व्या कलमाने सरकारला उद्योगसंस्थेची चौकशी करण्याचा अधिकार दिला; १९५३ साली जोडलेल्या १८-अ कलमाने व्यवस्थापन हाती घेण्याची तरतूद केली. आधी चौकशी, मग ताबा, असा सामान्य क्रम आता लिखित झाला. सोलापूरच्या गिरणीने देशाच्या कायद्यास दिलेली ही देणगी सामान्यत: संपाच्या आणि लढ्याच्या इतिहासात हरवून जाते.

कामगारांच्या बाजूस याच वर्षांत आणखी एक कागद आला. १९५२ च्या भविष्यनिर्वाह निधी कायद्याने प्रथम ज्या सहा उद्योगांचा समावेश केला, त्यांत कापडउद्योग होता. सभासदत्वासाठी आरंभी एक वर्षाच्या सलग नोकरीची अट होती. कायम कामगारास ती सहज पुरी करता येई. बदलीवर दिवस काढणाऱ्याच्या बाबतीत मात्र प्रत्येक दिवसाची नोंद मोलाची ठरली. विसावे शतक सरता सरता सोलापूरच्या मोठ्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. १९९५ च्या निवृत्तिवेतन योजनेत मासिक वेतनासाठी किमान दहा वर्षांची पात्र सेवा लागते, आणि ती सेवा कामगाराच्या आठवणीवरून नव्हे, तर मालकाने भरलेल्या विवरणपत्रांवरून मोजली जाते. साचेखात्यात तीस वर्षे काढलेल्या माणसाची किती वर्षे मोजली जातील, हे हजेरीपटावर त्याचे नाव कोणत्या साली आणि कोणत्या कारकुनाच्या हातून चढले यावर ठरते.