मळवलीची फरसबंदी

मळवली स्थानकाच्या दक्षिणेस भाजे लेणी व लोहगड-विसापूरची जोडी, उत्तरेस कार्ल्याचा डोंगर. ह्या खोऱ्यात दगडाला तोटा कधीच नव्हता. तरीही सामान्य माणसाच्या अंगणात दगडी फरसबंदी क्वचितच दिसे. असे का, हे पाहू लागलो म्हणजे एक छोटासा इतिहास उलगडतो.

येथील दगड काळा बेसाल्ट, लाव्हारसातून घडलेला. तो थरांनी सुटत नाही. पाथरवटाने छिन्नी-हातोडीने एकेक बाजू घडवावी, तेव्हा त्याची फरशी होई. एवढी मजुरी किल्ल्याला, घाटाला वा देवालयालाच परवडे. लोहगडाच्या पायऱ्या चढताना त्या श्रमांची कल्पना येते. घरापुढे मात्र मुरूम पसरून धुमसाने चोपायचा व वर शेणाचा सडा घालायचा, हीच रीत होती.

आगगाडीने हे चित्र पालटले. १८५८ साली पुणे-खंडाळा लोहमार्ग ह्याच खोऱ्यातून सुरू झाला, १८६३ साली बोरघाट जोडला गेला आणि १८७१ साली लोहमार्ग सोलापूर, शहाबाद ओलांडून रायचूरला पोहोचला. शहाबादचा चुनखडक थरांनी सुटतो, त्याला फारसे घडवावे लागत नाही. लोहमार्गाने तो दूरवर जाऊ लागला आणि 'शहाबादी' हा शब्द मराठी घरात रुळला.

आजचा सिमेंटचा पेव्हर ब्लॉक ह्या परंपरेतला धाकटा. दुसऱ्या महायुद्धानंतर हॉलंडमध्ये विटांच्या रस्त्यांना पर्याय म्हणून तो पुढे आला. भारतात त्याचे मानक २००६ साली ठरले: पायवाटेला ५० मिलिमीटर जाडी, हलक्या वाहनांच्या वाटेला ६०.

साहित्य बदलले, विद्या मात्र जुनीच. इ.स.पू. ३१२ मध्ये रोमनांनी आरंभिलेल्या अप्पियन मार्गावर पुढे बेसाल्टच्याच शिळा बसल्या. ह्याच मार्गावर रोमचे बंधुजन संत पौलाला सामोरे आले होते. त्या रस्त्याचे बळ वरच्या शिळेइतकेच खालच्या थरांत व कडेच्या बांधणीत होते. आपल्या अंगणातही तेच खरे. माती खोदून काढावी, खडी-मुरूम थराथराने चोपावा, वर इंचभर वाळू सारखी करावी, कडा पक्क्या बांधाव्यात आणि घरापासून दूर, पन्नास फुटांस एक फूट असा उतार ठेवावा. ब्लॉकांच्या सांध्यांत बारीक वाळूच भरावी. सिमेंट भरले की ब्लॉकांची लवचीकता जाते आणि पाणी मुरण्याची उरलीसुरली वाटही बुजते.

ही शेवटची गोष्ट मळवलीकरांना सर्वांत महत्त्वाची. लोणावळ्याच्या आसपास वर्षाकाठी सरासरी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. मुरमाचे अंगण त्यातला काही वाटा पिऊन घेई. आता बंगल्यामागून बंगला काठोकाठ फरसबंद झाला, तर ते पाणी जाणार कोठे? शेजाऱ्याच्या दारात, खालच्या भातखाचरात, नाहीतर थेट इंद्रायणीत. आणि चैत्र-वैशाखात विहीर मात्र रिकामी.

भाज्याला महारठी कोसिकीपुत विण्हुदत्ताने पोढी, म्हणजे पाण्याचे टाके, दान केल्याचा शिलालेख आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी ह्याच डोंगरात कोणी दुसऱ्यासाठी पाणी राखले. आपण टाके खोदू न शकलो, तरी वाहन जाईल तेवढीच वाट बांधून काढावी, उरलेली माती उघडी ठेवावी. आपल्या अंगणाचा उतार शेजाऱ्याच्या उंबरठ्याकडे नसावा, एवढा शेजारधर्म तरी पाळू या.